इंटरनेटच्या राज्यात कुरुळीच्या कामगाराला मत कोठे आहे?

९ ऑगस्ट २०१८ रोजी, महाराष्ट्र बंदच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातील सात तालुक्यांत इंटरनेट बंद ठेवण्यात आले. शिरूर, खेड, बारामती, जुन्नर, मावळ, दौंड आणि भोर हे ते तालुके. त्याआधी दहा दिवस, ३० जुलैला, मराठा आरक्षणाच्या आंदोलनाला चाकणमध्ये हिंसक वळण लागले होते आणि बसगाड्या जाळल्या गेल्या होत्या. म्हणून ही खबरदारी, असे सांगण्यात आले. पुणे-नाशिक रस्त्यावरचे कुरुळी हे गाव खेड तालुक्यात येते. चाकण एमआयडीसीच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारे मराठवाड्याचे, विदर्भाचे, उत्तर प्रदेश-बिहारचे हजारो कामगार या पट्ट्यातील गावांत भाड्याच्या खोल्यांत राहतात. पाळी लागली की सुटली, हा कंत्राटदाराचा निरोप त्यांना मोबाईलवर येतो. गावाकडे पैसे मोबाईलवरून जातात. नोकरीचा अर्ज, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेल्वेचे तिकीट, सगळे त्याच तारेवर. ती तार तोडताना कोणी कोणाला विचारले? ज्याचे काम अडले त्याने दाद कोणाकडे मागायची?

एका दिवसाचा प्रश्न आहे, सोडून द्या, असे कोणी म्हणेल. आम्ही सोडून देणार नाही. कारण कुरुळीत तार तोडणारा हात आणि कॅलिफोर्नियात बसून साऱ्या जगाच्या इंटरनेटची पत्तावही सांभाळणारा हात, या दोघांनाही एकच प्रश्न विचारावा लागतो. तुमच्याकडे सत्ता आहे हे दिसते. ती वापरण्याची मान्यता तुम्हाला कोणी दिली? सत्ता आणि अधिमान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तळ्याला कुलूप लावण्याची ताकद असणे वेगळे आणि तो अधिकार असणे वेगळे. आंबेडकरी चळवळीला हा फरक पुस्तकातून शिकावा लागलेला नाही.

इंटरनेटला मालक नाही, ते सर्वांचे आहे, असे आपल्याला गेली पंचवीस-तीस वर्षे ऐकवले जाते. हे अर्धसत्य आहे. संगणकाला संगणक सापडायचा तर प्रत्येकाला क्रमांक लागतो, आणि माणसाला लक्षात राहावे म्हणून त्या क्रमांकाला नाव लागते. ही नावे आणि क्रमांक कोणी कोणाला द्यायचे, याची सर्वात वरची वही एकच आहे. ती सांभाळण्यासाठी १९९८ मध्ये कॅलिफोर्निया राज्याच्या कायद्याखाली आयकॅन नावाची खाजगी, ना-नफा संस्था स्थापन झाली आणि अमेरिकेच्या वाणिज्य खात्याशी करार करून ती हे काम करू लागली. वहीच्या वरच्या पानाची उत्तरे देणाऱ्या मूळ सर्व्हरची नावे तेरा आहेत आणि ती चालवणाऱ्या संस्था बारा. या बारांपैकी नऊ अमेरिकेतल्या आहेत. त्यांत विद्यापीठे आहेत, कंपन्या आहेत, नासा आहे आणि अमेरिकेचे लष्करही आहे. उरलेल्या तीन स्वीडन, नेदरलँड्स आणि जपानच्या. आज या सर्व्हरच्या प्रती जगभर ठिकठिकाणी आहेत, भारतातही आहेत. पण प्रत ठेवणारा आणि मूळ वही चालवणारा यांत फरक असतो. तलाठ्याकडून सातबाऱ्याचा उतारा मिळाला म्हणून आपण तलाठी होत नाही!

या व्यवस्थेला जगाने आव्हान दिलेच नाही असे नाही. २००३ मध्ये जिनिव्हाला आणि २००५ मध्ये ट्युनिसला संयुक्त राष्ट्रांच्या माहिती-समाज शिखर परिषदा झाल्या. एका देशाच्या खात्याकडे साऱ्या जगाची किल्ली का, असा प्रश्न विकासनशील देशांनी विचारला. उत्तरादाखल किल्ली मिळाली नाही, चर्चेसाठी एक मंच मिळाला. २००६ मध्ये अथेन्सला त्याची पहिली बैठक झाली, २००८ मध्ये तो मंच हैदराबादलाही येऊन गेला. त्याला बोलण्याचा अधिकार आहे, ठरवण्याचा नाही. २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन याने अमेरिकेच्या हेरखात्याची जगभरची पाळत उघडी पाडली, तेव्हा अमेरिकेची नैतिक बाजू पार उघडी पडली. अखेर ऑक्टोबर २०१६ मध्ये वाणिज्य खात्याने आपला करार संपू दिला. पण किल्ली गेली कोणाकडे? त्याच आयकॅनकडे, त्याच कॅलिफोर्नियात, तिथल्याच कायद्याच्या छपराखाली.

भारत सरकारची भूमिकाही तपासली पाहिजे. २०११ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांत प्रस्ताव मांडला की, पन्नास देशांची एक समिती इंटरनेटची धोरणे ठरवील. २०१२ मध्ये दुबईच्या दूरसंचार परिषदेत भारताने करारावर सही केली नाही. २०१५ मध्ये आपल्या मंत्र्यांनी ब्युनोस आयर्सच्या बैठकीत बहुपक्षी, म्हणजे सरकार, कंपन्या, तंत्रज्ञ आणि नागरी समाज या सर्वांच्या सहभागाच्या पद्धतीला पाठिंबा जाहीर केला. धोरण बदलू नये असे आमचे म्हणणे नाही. पण आधीची भूमिका कोणाला विचारून घेतली आणि नंतरची कोणाला विचारून? कोणत्या कामगार संघटनेला, कोणत्या ग्रामसभेला, कोणत्या वस्तीला यातले काही ठाऊक होते?

आता या बहुपक्षी पद्धतीकडे वळू. ऐकायला ती फार गोड आहे. सर्वांना आमंत्रण, सर्वांना माईक, कोणाला मज्जाव नाही. पण आमंत्रण देणारा कोण आणि आलेला माणूस कोणाच्या वतीने बोलतो, हे प्रश्न बाबासाहेबांनी आपल्याला फार पूर्वी विचारायला शिकवले आहेत. १९३१ च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत गांधीजींनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी आपणच असल्याचा दावा केला. बाबासाहेबांनी तो तिथेच फेटाळला. तुम्ही तर सरकारनियुक्त, असा टोमणा त्यांच्यावर मारला जाई. आपण सरकारनियुक्त आहोत हे त्यांनी नाकारले नाही. पण निवडणूक झाली असती तरी अस्पृश्यांनी आपल्यालाच पाठवले असते, असे त्यांनी छातीठोकपणे सांगितले. अधिमान्यतेची कसोटी हीच आहे. खुर्ची कोणी दिली एवढेच पाहायचे नाही. ज्यांच्या नावाने बोलता त्यांच्यासमोर जाऊन मत मागण्याची तयारी आहे का, हे पाहायचे. इंटरनेटच्या परिषदांत 'जगातील सामान्य वापरकर्त्यां'च्या नावाने बोलणाऱ्या किती जणांना हे उत्तर देता येईल?

एकदा तसा प्रयोग झाला होता, हे फार थोड्यांना माहीत आहे. २००० साली आयकॅनने आपल्या संचालक मंडळातील पाच जागांसाठी जगभरच्या इंटरनेट वापरणाऱ्यांची थेट निवडणूक घेतली. सुमारे ३४ हजार लोकांनी मतदान केले. निवडून आलेल्यांत संस्थेचे कडक टीकाकारही होते. पुढे काय झाले? २००२ च्या 'सुधारणां'त ही थेट निवडणूकच गुंडाळली गेली. आज संचालक मंडळावर मताचा अधिकार असलेले १६ जण आहेत. त्यांत सामान्य वापरकर्त्यांच्या नावाने येणारा एक, आणि तोही थेट मतदानाने नव्हे, समित्यांच्या उतरंडीतून. मतदार गैरसोयीचा निकाल देतो म्हणून मतदानच काढून टाकायचे, ही युक्ती आपल्याला अनोळखी वाटते काय?

तंत्रज्ञांच्या मंडळींत तर याचे तत्त्वज्ञानच झाले आहे. आम्ही राजे मानत नाही, अध्यक्ष मानत नाही आणि मतदानही मानत नाही. सर्वसाधारण सहमती आणि चालणारी यंत्रणा एवढेच मानतो, असे त्यांच्यातील एका धुरीणाने १९९२ मध्ये सांगितले आणि ते त्यांचे ब्रीद झाले. राजा नाकारला, उत्तम. पण मतदान नाकारण्याची चैन कोणाला परवडते? ज्याचा आवाज आधीच खोलीत आहे त्याला. सहमती ही खोलीत बसलेल्यांची असते. बाहेर उभ्या असलेल्यांची सहमती कोणी मोजत नाही. २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांनी साउथबरो समितीपुढे साक्ष दिली. अस्पृश्यांना मताचा अधिकार हवा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांच्यातलेच हवेत, ही त्यांची मागणी होती. जे राज्य आमच्यावर चालते त्यात आमचा हात हवा, हा त्या मागणीचा गाभा. शंभर वर्षांनंतर आम्हाला कोणी सांगत असेल की मतदान जुनाट झाले, आता सहमतीने चालते, तर गावगाड्यातही 'सहमती'च चालत होती, याची आठवण आम्ही करून देऊ.

आणि खोलीत शिरायला लागणारा पैसा? २०१२ मध्ये नव्या शेपटांच्या, म्हणजे पत्त्यातील शेवटच्या टिंबानंतरच्या नावांच्या, अर्जाचे शुल्क १ लाख ८५ हजार डॉलर होते. १,९३० अर्ज आले. उत्तर अमेरिकेतून ९११, युरोपातून ६७५, आशिया-पॅसिफिकमधून ३०३, लॅटिन अमेरिकेतून २४ आणि सबंध आफ्रिका खंडातून १७. दार सर्वांना उघडे होते. कायद्याने चवदार तळेही उघडेच होते! १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात बोले ठराव झाला, १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने तळे खुले केले. तरीही मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला अस्पृश्याचा हात लागला नव्हता. बाबासाहेबांनी ओंजळ भरली, तेव्हा ठरावाचा खरा अर्थ सर्वांना कळला. 'कोणालाही मनाई नाही' हे वाक्य आम्ही म्हणूनच कौतुकाने ऐकत नाही, कोण पोहोचले ते मोजतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील फक्त ३३ टक्के स्त्रियांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचे सांगितले. पुरुषांत हे प्रमाण ५७ टक्के होते. आपल्या मराठीतल्या 'ॲ' या अक्षराला संगणकाच्या जागतिक वर्णसंचात स्वतंत्र जागा मिळायला २००८ साल उजाडले. जे मोजणीतच नाहीत त्यांची सहमती कोणत्या कागदावर आहे?

इथे कुरुळी-चाकणच्या वाचकाने एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावे. बहुपक्षी पद्धत हा इंटरनेटवाल्यांचा शोध नाही. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेत सरकार, मालक आणि कामगार असे तीन पक्ष पहिल्यापासून आहेत. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी ऑगस्ट १९४२ मध्ये दिल्लीत त्रिपक्षीय कामगार परिषद भरवली आणि मालकासमोर कामगाराला बरोबरीची खुर्ची दिली. त्या पद्धतीत कामगाराची जागा नावानिशी ठरलेली आहे. आता इंटरनेटची पद्धत पाहा. सरकार आहे, कंपनी आहे, तंत्रज्ञ आहे, नागरी समाज आहे. कामगार कोठे आहे? तो नाही. त्याला 'वापरकर्ता' या गोल शब्दात विरघळवून टाकले आहे. मोबाईलच्या ॲपवर ज्याची हजेरी लागते, ॲपवर ज्याचे काम ठरते, रस्त्यावर ज्याचा वेग मोजला जातो, गोदामात ज्याच्या हाताची घाई यंत्र ठरवते, तो नुसता वापरकर्ता नाही. त्याच्यावर इंटरनेट वापरले जाते! आयटीच्या चकचकीत इमारतींतून केबल टाकणारा, चेंबर साफ करणारा, रात्रपाळीचा पहारेकरी हा कोणत्या वर्गातून येतो, हे आम्ही सांगायला नको. त्याची खुर्ची काढून घेऊन मांडलेल्या टेबलाला आम्ही लोकशाही म्हणणार नाही.

मग सगळी सत्ता देशांच्या सरकारांकडे द्यावी काय? काही राज्यकर्ते तसेच म्हणतात, त्याला डिजिटल सार्वभौमत्व असे भारदस्त नावही देतात. आम्ही इथेही सावध आहोत. स्वराज्य येणार म्हणताच बाबासाहेबांचा प्रश्न होता, ते कोणाच्या हाती जाणार? अमेरिकेची किल्ली दिल्लीला आली, म्हणून कुरुळीच्या कामगाराच्या हाती काय आले? २०२३ मध्ये भारतात इंटरनेट तोडण्याच्या ११६ घटना घडल्या आणि २०२४ मध्ये ८४, अशी नोंद ॲक्सेस नाऊ या आंतरराष्ट्रीय संस्थेने केली आहे. काश्मिरात ऑगस्ट २०१९ मध्ये तोडलेली पूर्ण गतीची सेवा फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आली. लोकशाही म्हणवणाऱ्या देशांत या बाबतीत आपण पुढे आहोत, ही अभिमानाची गोष्ट नव्हे.

१० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात स्पष्ट सांगितले की, इंटरनेटवरून बोलण्याला आणि व्यवसाय करण्याला संविधानाच्या कलम १९ चे संरक्षण आहे. बेमुदत बंदी चालणार नाही. बंदी प्रमाणशीर हवी आणि आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत. निकाल उत्तम आहे. पण डिसेंबर २०२१ मध्ये संसदेच्या स्थायी समितीला असे आढळले की, देशात इंटरनेट किती वेळा तोडले याची नोंदच केंद्राची खाती ठेवत नाहीत! २०१७ च्या नियमांनुसार राज्यात आदेश काढणार गृहसचिव आणि तो योग्य होता का हे तपासणार मुख्य सचिव व आणखी दोन सचिव. नियम पुढे बदलले, २०२४ मध्ये नवे आले. पण सरकारच्या आदेशाचा न्याय सरकारचेच अधिकारी करणार, ही रीत काही गेली नाही. हाच कित्ता संकेतस्थळे बंद करण्याच्या आदेशांत गिरवला जातो. तिथे २००९ च्या नियमांनी गुप्ततेचे कवचच दिले आहे.

अफवा रोखण्यासाठी बंदी लागते, असा सरकारचा युक्तिवाद असतो. तो आम्ही हलक्यात घेत नाही. मोबाईलवरच्या विषाने माणसे मेली आहेत. २०१४ च्या जूनमध्ये फेसबुकवरील विटंबनेच्या मजकुराचे निमित्त करून हडपसरमध्ये एका निरपराध मुस्लिम तरुणाची हत्या झाली. आमच्या समाजानेही हे विष सोसले आहे. पण अफवा पसरवणारे मोकळे आणि अख्खा तालुका शिक्षेला, हा कोणता न्याय? शिवाय तार तोडली की अफवेबरोबर सत्यही अडकते. २००६ मध्ये खैरलांजीच्या हत्याकांडाकडे मोठ्या वर्तमानपत्रांनी दिवसेंदिवस पाठ फिरवली, तेव्हा आपल्या कार्यकर्त्यांनी गावोगाव जाऊन, एसएमएस आणि ई-मेल पाठवून ते जगापुढे आणले. ज्यांची स्वतःची वाहिनी नाही, ज्यांच्या बातमीला पहिल्या पानावर जागा नाही, त्यांचे तोंड बंदीने पहिल्यांदा बंद होते. प्रस्थापितांचा दूरध्वनी मंत्रालयात चालूच असतो.

राहिल्या कंपन्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये ट्विटरच्या प्रमुखाने भारतात आला असताना ब्राह्मणी पितृसत्तेविरुद्धचा एक फलक हातात धरला. तो दलित स्त्रीवादी विचारांतून आलेला फलक होता. गदारोळ झाला आणि कंपनी लगेच माफी मागून मोकळी झाली. जगाला भाषणस्वातंत्र्य शिकवणाऱ्या कंपनीचा कणा मनुवादी ओरड्यापुढे किती टिकतो, ते तेव्हा दिसले. २०१९ मध्ये 'डॉट ऑर्ग' या पत्त्यांची वही चालवणारी संस्था १ अब्ज डॉलरहून अधिक किमतीला एका खाजगी गुंतवणूक कंपनीला विकायला निघाली. जगभरच्या सेवाभावी संस्थांचे आणि चळवळींचे, आपल्याही कितीतरी संस्थांचे पत्ते याच नावाखाली आहेत. एप्रिल २०२० मध्ये आयकॅनने तो सौदा नाकारला. त्याआधी कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्याने विरोधाचे पत्र लिहिले होते. सौदा मोडला हे चांगलेच झाले. पण आमच्या चळवळीच्या पत्त्याचे भवितव्य आम्ही ज्याला कधी मत दिले नाही आणि देऊही शकत नाही अशा परक्या राज्याच्या अधिकाऱ्याच्या शब्दावर अवलंबून असावे, ही उपकाराची गोष्ट झाली, हक्काची नव्हे.

लढले तर मिळते, याचाही दाखला आहे. २०१५-१६ मध्ये फेसबुक 'फुकट इंटरनेट' देऊ म्हणत गरिबांच्या दारात आले. फुकट होते ते सगळे इंटरनेट नव्हते. कंपनीच्या अटींत बसणारी तेवढीच संकेतस्थळे होती. गरिबाला वेगळे पाणवठे, श्रीमंताला वेगळे! देशभरातून लाखो लोकांनी दूरसंचार नियामकाला पत्रे पाठवली आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी भेदभावाच्या दरांवर बंदी आली. संघटित मताला अजून किंमत आहे.

तेव्हा आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. इंटरनेट तोडण्याचा प्रत्येक आदेश त्याच दिवशी, कारणासह, मराठीत, तालुक्याच्या कचेरीत आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला पाहिजे. त्याची तपासणी करणाऱ्या समितीत सरकारबाहेरचे लोक, निवृत्त न्यायाधीश आणि अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी हवेत. बंदीमुळे ज्याचा रोज बुडाला त्याला भरपाई हवी. जागतिक परिषदांना भारताचे जे शिष्टमंडळ जाते त्यात कामगारांच्या संघटनांना त्रिपक्षीय परिषदेप्रमाणे ठरलेली जागा हवी, आणि तिथे काय भूमिका घेणार ते आधी संसदेत सांगितले पाहिजे. २०२१ पासून देशात भरणाऱ्या इंटरनेट शासन मंचावर केवळ कंपन्या, सरकारी खाती आणि इंग्रजी जाणणारी मंडळी नकोत.

काही काम आपलेही आहे. आपल्या संघटनांनी आपले सगळे दस्तऐवज एखाद्या परक्या कंपनीच्या पानावर सोडून निश्चिंत राहू नये. भाषणे, छायाचित्रे, सत्यशोधन अहवाल यांच्या प्रती स्वतःच्या ताब्यात ठेवाव्यात, दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. अभियंते झालेल्या आपल्या मुला-मुलींनी या परिषदांचे कागद वाचावेत, मराठीत समजावून सांगावेत आणि तिथे जाऊन बोलावे. कामगार संघटनांनी पगार आणि बोनसच्या मागणीपत्रात ॲपची हजेरी आणि पाळत हे विषय घालावेत. बुद्धविहारातल्या रविवारच्या सभेत अर्धा तास यावर चर्चा व्हावी.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी इशारा दिला होता की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असा विसंवाद घेऊन आपण प्रजासत्ताकात प्रवेश करीत आहोत. आजच्या इंटरनेटच्या राज्यात तर राजकीय समतेचाही पत्ता नाही. तिथे एक माणूस एक मत हे तत्त्वच अजून पोहोचलेले नाही. ते पोहोचवण्याचे काम संविधान मानणाऱ्यांचे आहे, आणि संविधान मानणाऱ्यांत पहिली जबाबदारी आपली आहे. जयभीम!